उतार लागण्याआधी

फोर बाय फोर गाडीचं कौतुक होतं ते चढावर. इंजिन गरजतं, माती उडते, चाक दगडावर चढतं आणि बघणारे खूश होतात. जाणकाराची नजर मात्र उतारावर असते. चढताना चुकलं तर गाडी बहुधा अडते. उतरताना चुकलं तर ती अडत नाही, आणि धोका तिथेच असतो. गाडी नीट उतरवण्याचं कसब पाहायला गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या वाटा चांगल्या.

गायखुरी रांगेतल्या या टेकड्या सह्याद्रीसारख्या अंगावर येत नाहीत. १९७० साली अभयारण्य झालेलं हे जंगल २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. चढ आखूड, वाटा मुरमाच्या. पण मुरूम लबाड असतो. सुका असला की वरचे खडे चाकाखालून घरंगळतात, भिजला की वरचा थर सुटतो. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं; ते पुन्हा सुरू होतं तेव्हा पाण्याने वाटेवर घळी पाडलेल्या असतात.

अशा वाटेवर मारुती जिप्सी शोभते. १९८५ साली बाजारात आलेली ही गाडी हलकी, अरुंद आणि कमानपाट्यांवर बसलेली. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते. चालकाने ठरवलं तरच पुढची दोन कामाला लागतात. अनेक जिप्सींमध्ये त्यासाठी पुढच्या चाकांचे हब खाली उतरून हाताने फिरवावे लागतात. आता गंमत बघा: अभयारण्यात गाडीतून उतरायला मनाई. म्हणजे पुढच्या उताराचा निर्णय चोरखमारा किंवा मंगेझरीच्या फाटकावरच घ्यायचा. ही नुसती अडचण नाही, या कलेचं मर्मच त्यात आहे: उतारावर जे करायचं ते उतार लागण्याआधी करून ठेवायचं.

एक उतरण सावकाश पाहू. माथ्याशी गाडी पूर्ण थांबते. चारही चाकं जोडणारा छोटा दांडा ‘लो’मध्ये जातो, गिअरचा मोठा दांडा पहिल्या गिअरमध्ये. चालक बसल्या जागेवरून वाट न्याहाळतो: घळ कुठे, मोकळा दगड कुठे, खाली वळण किती लांब. मग क्लचवरचा पाय निघतो आणि परत तिथे जात नाही. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी उताराच्या ताब्यात जाते. ब्रेकही जेमतेम. ब्रेक करकचून दाबला की चाकं जाम होतात, आणि जाम झालेलं चाक घसरतं. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. लदलेली बैलगाडी उतरताना बैल मागे रेलून जू तोलतात, तसं इथे इंजिन गाडीला तोलून धरतं.

चारही चाकं जोडायची ती का, हेही इथेच उलगडतं. उतारावर भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात. इंजिनाचा आवर फक्त मागे असेल तर तो नेमका हलक्या चाकांवर पडतो आणि गाडीचं बूड फिरू लागतं. आवर चौघांत वाटला गेला की गाडी सरळ राहते. ती सरळच उतरवायची असते. उतारावर आडवी झालेली गाडी कलंडायला फार निमित्त लागत नाही. बूड सरकू लागलंच, तर कसलेला चालक ब्रेककडे न जाता अगदी किंचित अॅक्सिलरेटर देतो. चाकं पुन्हा फिरू लागतात, पकड परत येते. भीती सांगते त्याच्या नेमकं उलट करणं, हा या उतरणीतला सर्वांत देखणा क्षण.

चढावर गाडी दमली तरी नियम हाच. वळवायची नाही, ब्रेक धरून रिव्हर्स टाकायचा आणि आल्या चाकोरीने सरळ मागे यायचं. स्टिअरिंगवरचे अंगठे बाहेर, कारण दगडाला चाक आपटलं तर स्टिअरिंग झटक्याने फिरून बोट मोडू शकतं. आणि डांबरी रस्ता लागला की पुढची चाकं मोकळी करायची; टणक कोरड्या रस्त्यावरच्या वळणात पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन दातेचक्रांवर ताण येतो. कुठे वापरायचं नाही हे कळणं, हाही कसबाचाच भाग.

या कारागिरीला टाळी मिळत नाही, कारण ती साधली की काहीच घडत नाही. मागे बसलेल्यांना हिसकाही जाणवत नाही. म्हणून पुढच्या खेपेला वाघासाठी मान वळवण्याआधी चालकाच्या डाव्या पायाकडे बघा. भर उतारावर तो क्लचपासून दूर, निवांत असेल, तर बेलाशक वाघ शोधायला लागा.