सुधाकराची व्यसनमुक्ती : ‘एकच प्याला’तील एका दुर्लक्षित वळणाविषयी

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, त्यावेळी नाटककाराच्या मृत्यूला काही आठवडेच झाले होते. त्यानंतर या नाटकाविषयी जे विपुल लेखन झाले त्यातील बराच भाग दोन प्रश्नांभोवती घोटाळत राहिला आहे. सुधाकराचा नाश मद्याने झाला की त्याच्या मानी स्वभावाने, हा पहिला प्रश्न. आणि सिंधूचे पातिव्रत्य हे नाटकाचे बळ मानावे की उणीव, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या चर्चेत एक साधी गोष्ट बाजूस पडते. सुधाकर एकदा दारू सोडतो. त्या निश्चयाचे आयुष्य अल्प आहे हे खरे. पण नाटकाच्या रचनेत त्याला जे स्थान आहे ते पाहता, त्याचा विचार ‘शेवटच्या पतनापूर्वीची एक उसळी’ एवढ्यावर आटोपणे योग्य नाही. व्यसन कुटुंबाचे काय करते हे गडकऱ्यांनी विस्ताराने दाखविले आहे. व्यसन सुटू लागले म्हणजे कुटुंबाचे काय होते, हा प्रश्न त्यांनी उभा केला आणि लगेच मिटविला. तो इतक्या लवकर का मिटला याचा येथे विचार करावयाचा आहे.

तुलनेसाठी खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ (१९१३) घेता येईल. तेथेही मद्यपानाचाच विषय आहे व त्यागही आहे. कचाची राख मद्यातून पोटात गेल्याचे कळताच शुक्राचार्य मद्याचा त्याग करतात, आणि हा त्याग पुढे टिकेल की नाही अशी शंका कोणाच्याही मनात येत नाही. पौराणिक पुरुषाचा निश्चय हा शापासारखा असतो. तो उच्चारला की पूर्ण झाला. गडकऱ्यांनी मद्यपी आश्रमातून काढून वकिलाच्या बिऱ्हाडात आणला, आणि त्याबरोबर त्यागाचे स्वरूपच पालटले. शुक्राचार्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामधंदा शोधावयाचा नव्हता. सुधाकराला तो शोधावयाचा आहे. पूर्वीच्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे तो काम मागावयास जातो, तेथे त्याच्या पदरी उपहास व नकार येतो, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. न्यायालयातील अपमानाने त्याला पहिला प्याला घ्यावयास लावले होते; या दुसऱ्या अपमानाने अखेरच्या मालिकेतील पहिला प्याला त्याच्या हाती दिला. ही समांतरता गडकऱ्यांनी जाणून साधली आहे यात संशय नाही, आणि सुधाकराच्या मानीपणाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांना येथे भक्कम आधार मिळतो. मात्र या सर्व हालचालीत घर कोठे आहे? निश्चय सुधाकराचा, परीक्षा बाहेरच्या समाजाची, पराभव पुन्हा सुधाकराचा. सिंधूच्या वाट्याला आशेपलीकडे काहीच येत नाही.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ जोन जॅक्सन यांनी १९५४ साली मद्यपींच्या कुटुंबांवर एक निबंध प्रसिद्ध केला. सिअॅटल येथील मद्यपींच्या पत्नींच्या एका मंडळात त्या दीर्घकाळ जात असत. तेथे ऐकलेल्या कथनांवरून कुटुंब या संकटाशी कसे जुळवून घेते याच्या सात अवस्था त्यांनी मांडल्या. आरंभी घर संकट नाकारते; मग ते दडविण्याची व निवारण्याची खटपट करते; मग घडी विस्कटते; मग संकट असतानाच पत्नी संसाराची सूत्रे आपल्या हाती घेते; मग विभक्त होण्याचा विचार, पतीवाचून कुटुंबाची नवी मांडणी; आणि सातवी अवस्था पती व्यसनमुक्त झाल्यानंतरच्या पुनर्रचनेची. ही शेवटची अवस्था सुखाची असेल असे वाचकाला वाटते. जॅक्सन यांचे निरीक्षण निराळे आहे. वर्षानुवर्षे पत्नीने व्यवहार सांभाळलेला असतो, मुले प्रत्येक गोष्टीसाठी आईकडे पाहावयास शिकलेली असतात, आणि शुद्धीवर आलेला पती ‘मी आता पीत नाही’ एवढ्या एका भांडवलावर आपले जुने स्थान परत मागतो. पत्नीचा विश्वास मात्र त्या वेगाने परतत नाही. म्हणजे व्यसन सुटणे ही विवाहाच्या दृष्टीने एका नव्या व अवघड वाटाघाटीची सुरुवात असते. या अवस्था प्रत्येक घरात याच क्रमाने येतात असे नाही, आणि सिअॅटलच्या स्त्रियांना असलेले मार्ग १९१९ च्या ब्राह्मण गृहिणीला नव्हते. तरीही हा आराखडा हाती घेऊन ‘एकच प्याला’ वाचले असता नाटकातील एक रिकामी जागा स्पष्ट दिसते.

सिंधू चौथ्या अवस्थेपर्यंत येते. दळणकांडण करून ती घर चालविते. या अर्थाने संसाराची धुरा तिने उचललेली आहे. पण ही धुरा तिने उचलली आहे असे मानण्याची मुभा नाटक तिला देत नाही. भाऊ पद्माकर सधन आहे, माहेर मायेचे आहे. तथापि ती मदत घ्यावयाची नाही असे वचन सुधाकराने तिच्याकडून घेतले आहे आणि ते ती पाळते. या वचनाकडे टीकाकार पातिव्रत्याचा पुरावा म्हणून पाहतात. माझ्या मते त्याचे नाट्यदृष्ट्या अधिक महत्त्वाचे कार्य वेगळे आहे. ते घराची दारे बंद करते. मद्यपीचे घर हळूहळू एकाकी होते, लाजेने येणेजाणे तुटते, ही गोष्ट आज सर्वपरिचित आहे. गडकऱ्यांनी ही प्रक्रिया वचनाच्या एका प्रसंगात गोठविली. त्यामुळे सुधाकर दारू सोडतो तेव्हा त्याला धरून ठेवील असे घराभोवती काहीच उरलेले नसते. पद्माकराच्या पैशाने तो सुधारला असता असे मला म्हणावयाचे नाही. पण नोकरी नाकारली गेल्यानंतरची ती एक संध्याकाळ कदाचित निभावली असती.

येथे एक धोका आहे आणि अलीकडच्या वाचनात तो वारंवार दिसतो. सिंधूच्या सोशिकपणानेच सुधाकर बिघडला असे म्हणण्याचा मोह होतो. या मोहाला शास्त्राचाही आधार मिळालेला आहे. १९५३ साली थेल्मा व्हेलन यांनी मद्यपींच्या पत्नींचे चार नमुने पाडले. त्यांत एक सोसणारी, एक सत्ता गाजविणारी, एक दोलायमान, एक शिक्षा करणारी, आणि प्रत्येकीला खेळकर टोपणनाव. पतीचे व्यसन पत्नीच्या स्वभावाची कोणती तरी गरज भागविते असा यामागचा विचार. या चौकटीत सिंधू पहिल्या खणात आणि तळीरामाची बायको गीता चौथ्यात अगदी बिनचूक बसेल. पण हे बिनचूक बसणेच संशयास्पद आहे. सिंधू सोसते, गीता फटकळपणे उत्तर देते. आणि दोघींचेही पती दारूनेच मरतात. गडकऱ्यांनी या दोन स्त्रिया शेजारी उभ्या केल्यामुळे पत्नीच्या स्वभावात कारण शोधणारा युक्तिवाद नाटकातच निकालात निघतो. जॅक्सन यांचाही रोख हाच होता: पत्नीचे वागणे हे बहुतांशी संकटाला दिलेले उत्तर असते, संकटाचे मूळ नव्हे. गीतेकडे विनोदी पात्र म्हणून पाहण्याची सवय झाल्याने तिचे हे काम आपल्या नजरेतून सुटले आहे.

मग व्यसनमुक्ती शक्यच नाही असे गडकऱ्यांचे मत होते काय? सुधाकर रामलालला व्यसनाच्या पायऱ्या समजावून सांगतो ते प्रसिद्ध भाषण वाचले तर तसे वाटते. त्या भाषणाचा तर्क असा की सुटकेची खरी वेळ पहिल्या प्याल्यापूर्वीच असते. परंतु नाटकात भगीरथ आहे. तोही मदिरा मंडळातलाच. तो सुटतो आणि सुटलेला राहतो. भगीरथाला रामलाल भेटतो, करावयास काम मिळते, पुढे शरदचा स्नेह लाभतो. सुधाकराला जे नाकारले गेले ते सर्व याला मिळाले. शिवाय भगीरथ अविवाहित आहे. ज्याला परत मागावयाचे घर नाही, ज्याच्यापुढे विश्वास गमावलेली पत्नी उभी नाही, अशाच पुरुषाला नाटककार मुक्त करू शकतो. सातव्या अवस्थेचा प्रश्न भगीरथाच्या बाबतीत उद्भवत नाही आणि सुधाकराच्या बाबतीत उद्भवण्यापूर्वी संपतो. मद्यपी पती शुद्धीवर येऊन सिंधूसमोर बसला आहे, आणि झाल्या गोष्टींविषयी तिला काही बोलावयाचे आहे, असा प्रवेश गडकऱ्यांनी लिहिला नाही. बहुधा त्यांना लिहिता आला नसता. त्या प्रवेशात सिंधूला तक्रार करावी लागली असती. तिने अखेरीस पतीला वाचविण्यासाठी जे खोटे सांगितले, ते त्या तक्रारीच्या जागी आलेले आहे.

हा दोष केवळ आपल्या नाटककाराचा नव्हे. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेचा मूलग्रंथ १९३९ साली निघाला. त्यात पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे. ते पत्नीच्या मुखाने बोलते, पण लिहिले ते संस्थापक बिल विल्सन यांनी. ते लिहिण्याची त्यांच्या पत्नीची, लोइस यांची, इच्छा होती. पुढे १९५१ मध्ये त्याच लोइस यांनी एका मैत्रिणीच्या साह्याने कुटुंबीयांची ‘अल-अॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना उभारली. सिंधूचे शब्द गडकऱ्यांचे, पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आणि कंठ बालगंधर्वांचा. मद्यपीच्या पत्नीचे मराठीतील सर्वांत हृदयस्पर्शी चित्र तीन पुरुषांनी मिळून घडविले, हे सांगताना त्यांच्या सामर्थ्याला उणेपणा आणण्याचा हेतू नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ची स्थापना केली. तेथे पुढे पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू झाला. त्या बोलू लागल्या तेव्हा सिंधूच्या भाषेत बोलल्या की गीतेच्या, याचा शोध मराठीच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवा. स्त्रियांची आत्मकथने त्यासाठी उपलब्ध आहेत. त्यांतील मद्यपी पतीविषयीची पाने बाजूला काढून ‘एकच प्याला’शेजारी ठेवण्याचे काम अद्याप पद्धतशीरपणे झालेले माझ्या पाहण्यात नाही.