फर्स्ट कॉपी कुणाची?

बुटांवरचा लोगो जरा वाकडा दिसला, की आमच्या ऑफिसात 'फर्स्ट कॉपी का रे?' सुरू होतं. हसणाऱ्यांना चोरीचं वावडं नसतं (क्रॅक सॉफ्टवेअर सगळ्यांनीच वापरलंय). ऐपत नसताना याने हे घातलंच कसं, हे खुपतं.

मला हार्लेमचा डॅपर डॅन आठवतो. १९८२ मध्ये त्याने दुकान काढलं. बड्या ब्रँडांचे लोगो चामड्यावर छापून तो रॅपर्सना जॅकेटं शिवून द्यायचा. १९८९ साली धावपटू डायेन डिक्सनसाठी शिवलेल्या जॅकेटच्या फुगीर बाह्यांवर लुई व्हितॉँचा लोगो होता. ती कंपनी तेव्हा कपडे विकतही नव्हती! मग नक्कल नेमकी कशाची? तरी छापे, खटले आणि १९९२ ला दुकान बंद.

२०१७ मध्ये जवळपास तेच जॅकेट गुचीने आपल्या लोगोसह रॅम्पवर आणलं. ती मात्र 'आदरांजली'. सोशल मीडियावर बोंब झाली, तेव्हा कुठे डॅनशी करार केला.