मुखवट्याखाली कोण, ते माहीत असूनही

'काही कळलं नाही, पण भारी होता' एवढं लिहून मोकळं होणं याला मी परीक्षण म्हणत नाही. हरसूलच्या प्रेक्षकाला तर ते शोभतच नाही. आपल्याकडच्या बोहाड्यात मुखवट्याखाली गावातलाच माणूस नाचतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी सोंग समोर आलं की हात जोडले जातात. दोन्ही एकाच वेळी खरं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) हेच केलं. त्यांची मुलगी मंदाकिनी सुरुवातीला नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते, मग तीच कृष्ण होते.

आता कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' घ्या. पिक्चर १९८८चा, थिएटरात आला २०१४ला. बेडकांच्या पोटात हिरे! याचा अर्थ काय, हे विचारत बसलात तर पुढचं सगळं निसटतं. त्यापेक्षा बेडूक आधी कुठे दिसला, हिरे आल्यावर माणसं कशी बदलली, ते टिपा. विचित्रपणा स्वतःचा नियम पाळतो का, ते तिथे कळतं. माझ्या मते इथे पाळतो. उत्तरार्ध मात्र मला लांबलेला वाटला, आणि परीक्षणात तेही यायला हवं, पिक्चर कितीही 'कल्ट' असो.