धर्मांतराचे कथनरूप : ‘अरुणोदय’ आणि ‘स्मृतिचित्रे’

मिशनरी चरित्रलेखनाने धर्मांतराच्या कथनाचा एक साचा रूढ केला : अज्ञान, संशय, साक्षात्कार आणि बाप्तिस्मा. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र शीर्षकापासूनच हा क्रम स्वीकारते. पूर्वायुष्य तेथे अंधार ठरते आणि त्याचा अर्थ नंतरच्या प्रकाशात लावला जातो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४–३७) हा साचा मोडतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे हा या संहितेचा कळीचा अवकाश होय. धर्मांतर येथे आधी पतीच्या निर्णयाचा परिणाम म्हणून भोगले जाते, मग स्वतःचा निर्णय म्हणून स्वीकारले जाते. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या चित्रणातून शिवाशिवीचा प्रश्न आरंभीच घरात येतो. पुढे लक्ष्मीबाईंचे मतपरिवर्तनही जातिभेद आणि खाण्यापिण्याचे निर्बंध यांच्या विचारातून घडते. सिद्धांतचर्चेला तेथे दुय्यम स्थान आहे.

मराठी समीक्षेने ‘स्मृतिचित्रे’मधील साधेपणाचा आणि विनोदाचा गौरव केला. या गौरवात एक सोयही दडलेली आहे : धर्माचा प्रश्न बाजूला सारून पुस्तक आपलेसे करता येते. वस्तुतः हा विनोद हीच लक्ष्मीबाईंची धर्मचिकित्सा आहे. सोवळ्याला तो सोडत नाही, तसाच टिळकांच्या उतावळेपणालाही. ‘अरुणोदय’ म्हणजे प्रचार आणि ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे निखळ साहित्य, ही विभागणी म्हणूनच तपासली पाहिजे. धर्मांतराच्या एकाच परंपरेत हे दोन्ही ग्रंथ वाचल्याखेरीज मराठी आत्मचरित्राचा इतिहास अपुराच राहील.