उरलेल्या वेळेची कादंबरी

गेल्या दिवाळीत मी घरी जाहीर केलं, की मार्चमध्ये नोकरी सोडणार आणि कादंबरी पूर्ण करणार. बाबा काही बोलले नाहीत. आईनं अनारसे तळता तळता विचारलं, "मग दिवसभर करशील काय?"
"लिहीन."
"दिवसभर?"

मला राग आला होता. आज वाटतं, समीक्षेचा प्रश्न तोच होता.

पहिल्या कादंबरीच्या ज्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात, त्यांत दिवस नसतो, क्षण असतो. 1978च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या जिंगू स्टेडियममध्ये हारुकी मुराकामी बेसबॉलची मॅच बघत बसला होता. डेव्ह हिल्टननं चेंडू टोलवला, आणि आपण कादंबरी लिहू शकतो असं मुराकामीला अचानक वाटलं. इकडे 1963मध्ये पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी दोन-तीन आठवड्यांत 'कोसला' लिहून काढली आणि त्याच वर्षी पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ती छापलीसुद्धा. तीस सेकंदांच्या रीलमध्ये या दोन्ही गोष्टी छान बसतात. माझ्या डोक्यातही त्या तशाच बसल्या होत्या. नोकरी सोडली, की मग तो चेंडू आपोआप आपल्याकडे येणार.

फेब्रुवारीत मी 'कोसला' आणि मुराकामीची पहिली कादंबरी 'हिअर द विंड सिंग' पाठोपाठ वाचल्या. कारण साधं होतं. 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे, नेमाडेही तेव्हा पंचवीसचे होते. मुराकामीचा निनावी निवेदक एकोणतीसचा आहे, आणि लिहायला बसला तेव्हा मुराकामीही एकोणतीसचाच होता. दोघंही मागे वळून कॉलेजच्या दिवसांकडे बघतात. दोघांनाही शहाणपण शिकवणाऱ्यांचा कंटाळा आहे. इतकं सारखं असूनही पुस्तकं मात्र अजिबात सारखी नाहीत. असं का, हे शोधताना मी लेखकांच्या घड्याळाकडे जाऊन पोचलो.

मुराकामी तेव्हा बायकोबरोबर टोकियोतल्या सेंदागाया भागात 'पीटर कॅट' नावाचा जॅझ बार चालवत होता. स्टेडियममधल्या त्या क्षणानंतर त्यानं शाईचं पेन आणि कागद विकत घेतले, हे रीलमध्ये येतं. रोज रात्री बार बंद झाल्यावर, दमलेल्या अंगानं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो लिहायचा आणि असे कितीतरी महिने गेले, हे येत नाही. आपल्या पहिल्या दोन कादंबऱ्यांना तो स्वतःच स्वयंपाकघराच्या टेबलावरच्या कादंबऱ्या म्हणतो. सुरुवातीचं लिखाण त्याला आवडेना, म्हणून त्यानं टाइपरायटरवर इंग्रजीत लिहून पाहिलं. तुटपुंज्या इंग्रजीत वाक्यं आपोआप छोटी झाली. मग तोच मजकूर त्यानं जपानीत आणला.

आता कादंबरी उघडा. चाळीस छोटी प्रकरणं, काही तर पानभराचीही नाहीत. 1970च्या ऑगस्टमधले अठरा दिवस, एक बार, 'रॅट' नावाचा मित्र, रेडिओवरचा निवेदक, डाव्या हाताला चारच बोटं असलेली मुलगी. एक तुकडा संपतो, मध्ये मोकळी जागा, पुढचा तुकडा. झोप येण्याआधी जेवढं हाताशी लागलं तेवढं लिहून दुसऱ्या रात्री पुन्हा नव्यानं सुरू करणाऱ्या माणसाचा हा घाट आहे.

'कोसला' याच्या अगदी उलट. गावी परतलेला, हातात नोकरी नसलेला एक तरुण सलग बसून लिहितो. ते सलग बसणं पानोपानी ऐकू येतं. बोलणारा थांबतच नाही. पुण्याचं हॉस्टेल, मेस, मित्र, वडिलांशी हिशेब, डायरी, भविष्यातल्या इतिहासकाराचं सोंग, सगळं एकाच ओघात येतं. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द तर श्वास घ्यायच्या जागा आहेत.

दोन्ही पुस्तकांत एकेक मरण आहे, आणि फरक तिथे सगळ्यात जास्त जाणवतो. मुराकामीच्या निवेदकाची एकेकाळची मैत्रीण टेनिस कोर्टजवळच्या झाडीत गळफास घेते. तिचं प्रेत दोन आठवडे कुणाला सापडत नाही. हे तो मोजक्या वाक्यांत सांगतो आणि पुढे सरकतो. 'कोसला'त पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीनं जाते, तेव्हा पुढे सरकताच येत नाही. निवेदन तिथेच गरगरत राहतं. मुराकामीच्या वाचकाला ती मुलगी तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेत आठवत राहते. नेमाड्यांच्या वाचकाला मोकळी जागाच मिळत नाही. दोन्ही रीती खऱ्या आहेत. पण रात्री थोडा वेळ मिळणाऱ्या माणसाला मनीचं मरण 'कोसला'सारखं लिहिता आलं असतं का, याची मला शंका आहे. आणि सगळा दिवस हातात असलेल्या माणसाला तो गळफास इतक्या थोडक्यात आवरता आला असता का, याचीही.

घड्याळानं सगळं उलगडत नाही, हे मान्य. रात्री उशिरा लिहिणारे हजारो असतात, मुराकामी एक होतो. त्यानं छोटं वाक्य शोधून निवडलं. नेमाड्यांच्या ओघामागेही खानदेशातली बोली आहे, आधीची वर्षानुवर्षांची वाचनं आणि वाद आहेत. पंधरा-वीस दिवसांचं लिहिणं म्हणजे पंचवीस वर्षांची गोळाबेरीज. रील नेमकी ती पंचवीस वर्षं कापून टाकतं.

पुस्तक आल्यावर काय झालं, हेही बघण्यासारखं आहे. मुराकामीनं हस्तलिखिताची एकमेव प्रत 'गुंझो' मासिकाच्या नवलेखक स्पर्धेला पाठवून दिली, स्वतःकडे प्रत ठेवलीच नाही. दर तासाला कोड पुश करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून घाम फुटला. 1979मध्ये त्याला पुरस्कार मिळाला, पुस्तक आलं. आणि संध्याकाळी बार उघडावाच लागला. दुसरी कादंबरीही त्याच टेबलावर झाली. बार त्यानं 1981मध्ये विकला आणि त्यानंतर 'अ वाइल्ड शीप चेस' ही लांब दमाची कादंबरी लिहिली. दिवस बदलला, तसा घाट बदलला.

नेमाड्यांचं उलटं झालं. 'कोसला'नंतर इंग्रजीच्या प्राध्यापकीत गावोगावची कॉलेजं आली, आणि पुढची कादंबरी 'बिढार' यायला 1975 उजाडलं. पण 'बिढार', 'जरीला', 'झूल' वाचताना लक्षात येतं, की चांगदेव पाटीलच्या बदलत्या नोकऱ्या, भाड्याच्या खोल्या, स्टाफरूममधलं राजकारण यांतूनच त्या कादंबऱ्या उभ्या राहिल्या आहेत. नोकरीनं लेखकाचा वेळ खाल्ला असेल, पण लेखकानंही नोकरी सोडली नाही, कच्चा माल म्हणून वापरली.

मग मी माझं हस्तलिखित उघडलं. म्हणजे फोनमधलं नोट्सचं ॲप. हिंजवडीच्या बसमध्ये, ऑन-कॉलच्या रात्री, बिल्ड चालू असताना लिहिलेले एकशे बारा तुकडे. दोन वर्षं मी ते एकमेकांना चिकटवून 'कोसला'सारखा ओघ तयार करायची धडपड करत होतो, आणि तो होत नाही याचं खापर नोकरीवर फोडत होतो. त्यातले बरे तुकडे आहेत तसेच बरे होते. वाईट होती ती मध्ये भरलेली जोडवाक्यं. आणि कादंबरीत ऑफिस कुठेच नव्हतं! दिवसाचे दहा तास जिथे जातात, ती जागा मी साहित्याच्या लायकीची समजलो नव्हतो.

मार्च येऊन गेला. राजीनाम्याचा मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. तो कधी पाठवणारच नाही असं नाही. कदाचित एखादं प्रकरण असं येईल, की ज्याला सलग महिना लागेल. मनीच्या मरणासारखं काही लिहायचं असेल तर लागेलच. पण तो महिना कशासाठी हवा आहे, हे आधी सांगता आलं पाहिजे.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी विचारलं तेच."
सध्या जोडवाक्यं काढतो आहे. काल सात पानं कमी झाली.