तीन घरचे पाव

‘पाव किलो रवा द्या’, ‘चार पाव बांधा’ आणि ‘देवा, आता तरी पाव!’ मराठी कान या तिन्ही ठिकाणी जराही अडखळत नाही. पण हे तीन पाव तीन वेगळ्या घरांतून आलेले आहेत.

पहिला संस्कृत ‘पाद’. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांश. याचा गोतावळा मोठा. पावशेर त्यातला, चार आण्यांची पावली त्यातली. पादाने ऊन ती पाऊण, पादासह तो सव्वा. एके काळी शाळेत घोकून घेतली जाणारी पावकीही याच घरची.

दुसरा ‘प्राप्’ धातूतून आलेला, आणि माझा सर्वांत लाडका. पोचणे, मिळणे आणि प्रसन्न होणे हे तिन्ही अर्थ ‘पावणे’ या एका क्रियापदात नांदतात. देव पावतो म्हणजे तो भक्तापर्यंत येऊन पोचतो. कृपा ही आधी एक वाटचाल आहे, हे या क्रियापदाने किती सहज सांगून टाकले आहे! पैसे पोचल्याची रुक्ष पावतीसुद्धा त्याचीच सख्खी.

तिसरा समुद्रावरून आला. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्याबरोबर त्यांची भाकरी आली आणि ती भाजणारा पोदेरही. पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती अजून हौसेने सांगितली जाते. तिच्यात तथ्य नाही. मूळ लॅटिन ‘पानिस’.

खरा रस आहे तो या शब्दांच्या झिजण्यात. ‘पाद’मधला द दोन स्वरांच्या मध्ये सापडून गळाला. ‘प्राप्’मधला शेवटचा प तसाच सैल होऊन व झाला. तिकडे पोर्तुगालमध्ये लॅटिन शब्दातला ‘न’ विरघळला आणि मागे नुसता अनुनासिक उरला. उच्चार ‘पांव’च्या जवळपासचा. तो अनुनासिकही मराठीने पुसला. एकमेकांना न ओळखणाऱ्या भाषांत जिभेने एकच सवय चालवली.

आवाज एक झाला तरी व्याकरणाने वाटण्या नीट सांभाळल्या. खायचा पाव विभक्ती घेतो: पावाला लोणी, पावाची लादी. मापाचा पाव नामाच्या आधी येऊन तसाच उभा राहतो. क्रियापदातला पाव काळाप्रमाणे चालतो: पावतो, पावला, पावेल. ‘देवी पावली’ ऐकून चार आणे कुणाला आठवत नाहीत.

हीच पोर्तुगीज भाकरी सोळाव्या शतकात जपानलाही पोचली. तिथल्या जिभेने त्या अनुनासिकाचा पुन्हा सरळ न केला, आणि लॅटिनातून हरवलेला न जपानात परत मिळाला. जपानीत पावाला म्हणतात ‘पान’. आपले पान मात्र ‘पर्णा’चे.