दिव्याची साक्ष आणि भोंग्याची बोंब

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आंधळगाव नावाचे गाव आहे. नावावर जाऊ नका. कोशाचा केसाहून बारीक धागा हाताळणाऱ्या विणकरांचे हे गाव. तेव्हा गावाच्या डोळ्यांबद्दल शंका नको. डोळे नव्हते ते फक्त आमच्या आत्याच्या घराला. तेही पुण्याच्या आत्येभावाने हौसेने बसवून दिले. संध्याकाळी आपोआप लागणारे दिवे, आणि घरात काही हलले की बोंब मारणारा भोंगा. दोन्ही वस्तू चांगल्या, दोन्ही महाग. दोन्हींचे एकमेकींशी पटत नाही, एवढेच.

आम्ही पडलो बँकेतले कारकून. यंत्रातले आम्हाला फारसे कळत नाही, पण दोन कागद ताडून पाहणे हा आमचा हातचा मळ. या दोन यंत्रांचे जबाब ताडून पाहिले तर काय दिसते? दिवा रस्त्यावरच्या चोराला सांगतो, ‘‘घरात माणूस आहे बरं का!’’ भोंगा घरातल्या माणसाला पाहून ओरडतो, ‘‘अरे, घरात माणूस आहे!’’ एकाच वाक्याचा एकाला आधार वाटतो, दुसऱ्याला धसका. असे दोन जबाब एकाच खात्यात निघाले असते तर आम्ही ते खाते ताबडतोब साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले असते.

आत्याचे म्हणणे याहून सोपे आहे. ‘‘मी तं घरीच आहो ना बापू. मंग थो दिवा कोणाले सांगते?’’

दिव्याने चोराला फसवण्याची कल्पना मोठी नवी असल्यासारखी जाहिरातीत सांगतात. पण शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा तिसरा अंक आठवा. देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे आपल्या मंडळींना शर्विलक परका नाही. हा गृहस्थ चारुदत्ताच्या घराला भिंत फोडून शिरतो. पण आधी स्वतः आत जात नाही. भोकातून एक बाहुले पुढे सरकवून पाहतो, कोणी जागे आहे का म्हणून. घरात दिवा चक्क जळत असतो. त्या उजेडात तो निजलेल्यांची झोप खरी की खोटी याची परीक्षा करतो, आणि काम संपत आले की एक किडा सोडून दिवा विझवतो. म्हणजे दिव्याला तो मुळीच भ्यायला नाही. उलट पुरेपूर वापरून घेतला. पुढे तर झोपेत बरळणारा मैत्रेय दागिन्यांची पेटी आपण होऊन त्याच्या हाती देतो!

आता फरक बघा. त्या काळी बाहुले चोर वापरत असे, हल्ली घरमालक वापरतो. रोज बरोबर सात वाजता लागणारा आणि बरोबर दहाला विझणारा दिवा हे बाहुलेच की. चार रात्री समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या चोराला ते कळायला शर्विलकाची विद्या लागत नाही. माणसाच्या घरातला दिवा कधी सव्वासातला लागतो, कधी पाहुणे आले म्हणून अकरापर्यंत जळतो. वेळ रोज मागेपुढे करणारे दिवे मिळतात. निदान तेवढी अनियमितता तरी विकत घ्यावी.

भोंग्याच्या डोळ्याची गोष्ट आणखी न्यारी. हा डोळा चेहरा ओळखत नाही. तो खोलीचे पट्टे पाडतो, आणि अंगाची ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की कोणीतरी चालले असे धरून चालतो. म्हणून मांजर चोर ठरते. समोर जुन्या तारेचा बल्ब एकदम पेटला तरी तो डोळा फसू शकतो. दिव्याने सलाम केला की भोंग्याने बोंब मारायची. एलईडी दिव्यांनी हा त्रास पुष्कळ कमी केला, हे कबूल. पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो. भिंती माणसाच्या अंगाइतक्या, म्हणजे ३७ अंशांवर तापल्या की या डोळ्याला माणूस भिंतीतून वेगळा काढणे जड जाते. म्हणजे थंडीत मांजरीला पकडणार आणि उन्हाळ्यात चोराला सोडणार. अशा माणसाला आम्ही शिपाई म्हणूनसुद्धा ठेवणार नाही.

इथवर हसण्यासारखे आहे. पुढचे नाही.

भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा अर्धी आळी काठ्या घेऊन धावली. दुसऱ्यांदा चौघे आले, चहा घेऊन गेले. पाचव्यांदा कोणी कूससुद्धा बदलली नाही. लांडगा आला रे आला! आता उद्या खरोखरच आत्या पडली आणि भोंगा वाजला, तर आळी म्हणेल, मांजर असेल. त्याहून वाईट म्हणजे आत्याने स्वतःवर तोडगा काढला. रात्री उठायला नको म्हणून तिने दिवेलागणीनंतर पाणी पिणे सोडले. वय अठ्ठ्याहत्तर, महिना मे. चोर अजून आलेला नाही, पण घरातली एक वस्तू गेलीच: आपल्याच घरात रात्री मोकळेपणी चालायचा हक्क.

इलाज अवघड नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. पण त्यांचे भांडण लागत नाही, कारण दोघांना तिजोरी एकच. तसे या दोघांना घर एकच आहे हे कोणीतरी सांगितले पाहिजे. माणूस घरी असेल तेव्हा आतले डोळे मिटावेत, फक्त दारा-खिडक्यांवरचे लोहचुंबकाचे पहारेकरी जागे राहावेत. रात्री आत हालचाल दिसलीच तर भोंग्याने गप्प बसावे आणि संडासाच्या वाटेवरचा एक मंद दिवा लावावा. घराला कुलूप लागले की मग दोघांनी काय तो धिंगाणा घालावा. ही सोय बहुतेक यंत्रांत आधीच असते. बसवणारा बटणे दाखवून जातो, राहणारीला काय हवे ते विचारायचे राहून जाते.

म्हणून असले यंत्र घेणाऱ्यांना आमची एकच शिफारस. चोर किती पकडतो हे दुकानदाराला विचारू नका. तो सांगेल तितके पकडतो. रात्री दोन वाजता घरच्या म्हातारीला उठून, माठातले तांब्याभर पाणी पिऊन, कोणाची झोप न मोडता परत अंथरुणावर येता येते का, एवढे पाहा. येत असेल, तर पैसे मोजा.